लगत, जवळ आणि एकाच जागी

९ जानेवारी

डोकं शांत राहावं म्हणून डॉक्टरणीने रोज चालायला सांगितलं होतं. पाय चालायला लागले की माझं डोकं दुप्पट चालतं, असा अनुभव आला. म्हणून आजपासून चालणं बंद आणि लिहिणं सुरू. दुपारच्या सुट्टीत, सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचं दार आतून लावून.

आज संचालकांनी बोलावलं. आम्ही त्यांना स्वल्पविराम म्हणतो, कारण त्यांचं एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत पोहोचत नाही. "तुम्ही इतकी वर्षं हे काम बघताय, आणि गेल्या वर्षीचा तो प्रकार, म्हणजे पुन्हा तसं," एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले. तो प्रकार असा, की आमच्याच संस्थेतल्या दोन गटांनी मी सांभाळते त्या सूक्ष्मदर्शकावर काढलेले, जवळपास सारखेच फोटो छापायला पाठवले. पेशीत काही हिरवे ठिपके, काही लाल. हिरवं एक प्रथिन, लाल दुसरं. एका गटाने लिहिलं, ही दोन प्रथिनं एकमेकांना जोडलेली आहेत. दुसऱ्याने लिहिलं, शेजारी आहेत. नियतकालिकाच्या संपादकाने दोघांनाही एकच प्रश्न विचारला, की तुमच्याकडे शेजारी म्हणजे किती लांब? संस्थेत कुणालाच उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून स्वल्पविराम ताकसुद्धा फुंकून पितात.

तर आता मी अर्ध्या पानाचा नियम लिहायचा आहे. दोन ठिपके किती जवळ असले म्हणजे कोणता शब्द वापरायचा, एवढंच. आणि यापुढे असं काही म्हणणारा लेख माझ्या सहीशिवाय संस्थेबाहेर जाणार नाही. मला आनंद झाला, हे लपवत नाही. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, झालं, आता हिच्या जिभेला सरकारी शिक्का मिळाला.

१२ जानेवारी

'जवळ' या शब्दाशी सकाळपासून मारामारी चालू आहे. माणसाच्या केसाच्या जाडीचे तीनशे तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याहून कमी अंतर माझ्या यंत्राला नीट दिसत नाही. तेवढ्या अंतरात दोन गोष्टी असल्या की त्यांचा एकच गोळा दिसतो. हिरव्यावर लाल आलं की पडद्यावर पिवळं होतं, आणि पिवळं दिसलं की लोकांना हर्षवायू होतो. लगेच 'एकत्र', 'संलग्न', 'जोडलेली'. एकाने तर 'हातात हात घालून' असं लिहून आणलं होतं.

जेवताना घरच्यांना विचारलं. घरात आम्ही चौघं: आई, दादा, वहिनी आणि मी. आईच्या मते लगतचं घर म्हणजे ज्यातला खोकला आपल्याला ऐकू येतो ते. दादा शाळेत गणित शिकवतो. तो म्हणाला, आकडा सांगा आणि मोकळे व्हा, शब्द हवेतच कशाला? मी म्हटलं, आकडा सारणीत जातो आणि शीर्षकात शब्दच जातो, आणि जग शीर्षक वाचतं. त्यावर त्याने मला चिमटा म्हटलं. लहानपणापासून तो मला चिमटा म्हणतो, कारण मी बारीकसारीक काहीतरी उचलून दाखवत असते.

वहिनी भात कालवत ऐकत होती. ती माझ्याच संस्थेत वरच्या मजल्यावर संशोधन करते. मग तिने विचारलं, "वन्सं, तुमच्या नियमात मण्यांचा फोटो प्रत्येक वेळी लागणार का?" वन्सं आणि तुम्ही हे तिचं थट्टेतलं बोलणं, एरवी आम्ही अगं-तूगं करतो. मी म्हटलं, लागणार म्हणजे लागणारच.

मणी म्हणजे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे. एकच मणी हिरवाही चमकतो आणि लालही. यंत्र हिरवा फोटो आणि लाल फोटो वेगवेगळ्या काचांमधून काढतं, त्यामुळे दोन्हींत थोडा सरकपणा येतो. मणी एकच आहे, तेव्हा त्याचे दोन फोटो जितके सरकलेले दिसतील तितकी यंत्राची चूक. ती मोजायची आणि त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंमधून काढून टाकायची. हे न करता जवळ-लांब बोलणं म्हणजे काटा सरकलेल्या तराजूवर तोलणं आहे. वहिनीला हे सगळं माहीत आहे. तिने मान हलवली आणि भाजी वाढायला उठली.

१६ जानेवारी

नियमाचा मसुदा झाला. पहिली ओळ 'एकाच पेशीत': याचा अर्थ काहीच नाही, पण शब्द निरुपद्रवी आहे. दुसरी 'जवळ': सोबत अंतराचा आकडा असल्याशिवाय वापरायचा नाही. तिसरी 'लगत': मध्ये फट दिसत नाही, पण दोन्हींची केंद्रं वेगळी मोजता येतात. चौथी 'एकाच जागी': मण्यांच्या फोटोने जुळवल्यानंतरही केंद्रांमधलं अंतर मोजता येत नसेल तेव्हाच. 'जोडलेली' हा शब्द मी हद्दपार केला. ते काम दुसऱ्या प्रयोगांचं, फोटोचं नाही.

चौथ्या ओळीवर मी खूश आहे. तिच्यातून मुंगी शिरणार नाही.

१९ जानेवारी

सहीसाठी आलेला पहिलाच लेख वहिनीचा.

मला कल्पना होती. तिचं तीन वर्षांचं काम आहे: स्नायूच्या पेशीतली दोन प्रथिनं. तिच्या लेखाच्या शीर्षकातच 'एकाच जागी' आहे. ते खरं असेल तर स्नायू का थकतात याचं एक नवं उत्तर मिळतं, आणि नसेल तर शेकडो फोटो उरतात. तिचा करार या फेब्रुवारीअखेर संपतो. लेख गेला तर समिती तिला कायम करणार, असं स्वल्पविरामांनी जवळजवळ पूर्ण वाक्यात सांगितलं आहे. नाही गेला तर दूरच्या शहरातल्या एका कॉलेजात शिकवायची जागा तिच्यासाठी तयार आहे. दादा बदली मागून तिच्याबरोबर जाईल. मग या घरात आई आणि मी.

मी स्वल्पविरामांना म्हटलं, ही माझी भावजय आहे, हा लेख दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. ते म्हणाले, दुसरं कोण आहे इथे, आणि तुमच्याबद्दल तर कुणी असं म्हणणार नाही की. त्यांचं खरं आहे. तिच्या बाबतीतही मला तटस्थ राहता येईल. वहिनी जाईल किंवा राहील याचा ठिपक्यांशी संबंध नाही.

२१ जानेवारी

वहिनीने सगळे फोटो आणून दिले. मी मागितले नव्हते तेही. मूळ फोटो, जुळवलेले फोटो, तारखांप्रमाणे. लोक जुळवल्यावर फोटोच्या कडा कापून व्यवस्थित चौकोन करतात. हिने कडा तशाच ठेवल्या आहेत. एवढी नेटकी बाई आणि असा गबाळेपणा. लेखाच्या गडबडीत राहिलं असेल.

संस्थेत ती मला मॅडम म्हणते. "सावकाश बघा मॅडम, घाई नाही," म्हणाली. घाई नसेल कशी, करार संपत आलाय. ताकाला जाऊन भांडं लपवते आहे.

२५ जानेवारी

रविवार. दर महिन्याला वहिनी गॅलरीत खुर्ची टाकून माझे केस कापते. मी न्हाव्याकडे जायचं कधीच सोडलं, कारण इतकं सरळ कापणारा न्हावी मला भेटला नाही. आज कापताना तिने विचारलं, फोटो बघितलेस का. मी म्हटलं, पहिल्या गठ्ठ्याचे झाले, सुंदर आहेत, मणी आहेत, सगळं आहे. ती म्हणाली, "सगळे बघ. शेवटपर्यंत बघ." मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, हलू नकोस, कान कापला जाईल.

माझ्या मागे लागते आहे, हे मला कळतं. तिच्या जागी मीही लागले असते. पण मला असं ढकललेलं आवडत नाही, म्हणून मुद्दाम आज एकही फोटो उघडला नाही.

२८ जानेवारी

दुसरा गठ्ठा उघडला आणि जेवण राहिलं.

यातल्या एकाही दिवसाला मण्यांचा फोटो नाही. नोंद बघितली. त्या आठवड्यात मणी चिकटवलेली काच फुटली होती आणि नवीन यायची होती. ते ठीक आहे, होतं असं. पण मग फोटो जुळवले कशाने? तेव्हा त्या न कापलेल्या कडांकडे लक्ष गेलं. लाल फोटो सरकवला की एका बाजूला काळी पट्टी उरते. पट्टी जितकी रुंद तितका फोटो सरकवलेला. यंत्राची चूक असेल तर एका दिवसाच्या सगळ्या फोटोंना सारखीच पट्टी हवी. इथे एका फोटोला उजवीकडे, पुढच्याला वर, त्याच्या पुढच्याला अजिबात नाही. यंत्र असं वागत नाही. असं माणूस वागतं.

तिने प्रत्येक लाल फोटो हिरव्यावर ठेवून, जास्तीत जास्त पिवळं दिसेपर्यंत सरकवला आहे. मग ते पिवळं मोजलं आहे. मोजल्यावर अर्थातच भरपूर निघालं.

यात लबाडी नाही. आपल्याला उत्तर माहीत आहे अशी खात्री असली की हात आपोआप तिकडे सरकतो. या धंद्यात हे फक्त हुशार माणसांकडून होतं, बाकीच्यांना एवढी खात्रीच नसते. पण पहिला गठ्ठा लहान आहे. शीर्षकातलं 'एकाच जागी' उभं आहे ते या दुसऱ्या गठ्ठ्यावर.

२९ जानेवारी

मूळ फोटो काढून, मागच्या-पुढच्या आठवड्यांच्या मण्यांवरून जुळवून बघितले. बहुतेक पिवळं गेलं. हिरवे वेगळे, लाल वेगळे, मध्ये फट. पहिल्या गठ्ठ्यातले तेवढे टिकले, आणि तिथेही कदाचित ठिपक्यांची नुसती गर्दी असल्यामुळेच.

पुन्हा एकदा करून बघायला हवं. मागच्या-पुढच्या आठवड्यांवरून अंदाज बांधणं काही पक्कं नाही.

३ फेब्रुवारी

पुन्हा केलं. तेच.

लाल फोटो पाव फेरा फिरवून ठेवायचा आणि मग पिवळं मोजायचं, अशीही एक परीक्षा असते. उगाच झालेली गर्दी असेल तर फिरवूनही तितकंच पिवळं येतं. तेही केलं. जवळजवळ तितकंच आलं. आता उद्या पहिला गठ्ठाही फिरवून बघते. एखाद्याचं तीन वर्षांचं काम आहे, त्यात घाई करायची नाही.

६ फेब्रुवारी

बसमध्ये शेजारी बसलो होतो. वहिनीने विचारलं, काही सापडलं का? 'काही' म्हणाली. मी म्हटलं, अजून मोजते आहे. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मोजून झालं की सांगशील ना? काहीही असलं तरी?" मी म्हटलं, सांगेन की. पुढे उतरेपर्यंत दोघीही खिडकीबाहेर बघत होतो. तिला सहीची किती आस लागली आहे ते बघवत नाही.

सांगायला हवं होतं. बसमध्ये सांगायची गोष्ट आहे का पण ही?

८ फेब्रुवारी

वहिनीने कपाटं आवरायला काढली आहेत. जुने कागद, हिवाळ्याचे कपडे. आई म्हणाली, कायम झाल्यावर नवीन कपाट घेऊ, त्याची तयारी दिसते. वहिनी हसली नाही. तिचं जेवणही कमी झालं आहे. निकालाआधी माझंही असंच व्हायचं.

१० फेब्रुवारी

घरात कळलं. मी सांगितलं नाही. दादाने माझ्या तोंडावरून ओळखलं. आज मला घ्यायला तो संस्थेच्या फाटकाशी आला होता. असा तो कधीच येत नाही. चालत घरी गेलो. बराच वेळ शाळेतलं बोलत राहिला आणि मग थांबून म्हणाला, "चिमटे, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. या वेळी सोडून दे." मी म्हटलं, तुला माहीत तरी आहे का काय आहे ते? तो म्हणाला, नाही, आणि मला सांगू नकोस.

आईने जेवणानंतर तोंड सोडलं. ध चा मा करायला कुणी सांगत नाही तुला, म्हणाली, तिने जे लिहिलं आहे ते आहे तसं राहू दे, एवढंच. नणंदेने भावजयीचं घर उठवलं असं लोक म्हणतील. मी म्हटलं, लोकांना प्रथिन म्हणजे काय ते ठाऊक आहे का? आई म्हणाली, नणंद म्हणजे काय ते ठाऊक आहे.

वहिनी त्या वेळी आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं. तिने ऐकलं असणार, पण बाहेर आली नाही.

१३ फेब्रुवारी

आपलेच दात, आपलेच ओठ. दोन दिवस यंत्राजवळ गेले नाही, नुसता नियम वाचते आहे. इतका घट्ट नियम खरंच हवा का? समजा, एखाद्या गटाकडे मणीच नाहीत. समजा, काच फुटली. त्यांचं सगळं काम वाया जाऊ द्यायचं? नियम लिहिणाऱ्याने माणसांचाही विचार करायला हवा. मी जरा आडमुठेपणाच केला होता.

१६ फेब्रुवारी

चौथी ओळ बदलली. आता ती अशी आहे: "मण्यांच्या फोटोने, किंवा तो उपलब्ध नसल्यास अन्य मान्य पद्धतीने जुळवल्यानंतर केंद्रांमधलं अंतर मोजता येत नसेल तेव्हा." थोडासाच बदल आहे. हा नियम सगळ्यांना सारखाच लागू होईल, फक्त वहिनीला नाही. या नियमाप्रमाणे तिचा शब्द बसतो. मी कुणाशी खोटं बोलले नाही आणि कुणाचं घरही मोडलं नाही.

स्वल्पविरामांनी वाचून मान डोलावली. "छान, आणि लवचीक, असं काहीतरी," म्हणाले. मग मी वहिनीच्या लेखावर सही केली.

वरच्या मजल्यावर जाऊन तिच्या टेबलावर ठेवून आले. ती जागेवर नव्हती.

१७ फेब्रुवारी

घरात सण असल्यासारखं वातावरण आहे. आईने मला दुसऱ्यांदा वाढलं आणि एकदाही टोमणा मारला नाही. दादाने पाठीवर थाप मारली. वहिनी उशिरा आली, डोकं दुखतं म्हणाली आणि झोपून गेली. इतक्या दिवसांचा ताण उतरला की असंच होतं, मी आईला सांगितलं.

आता ती इथेच राहील. आज मी बसमध्ये एकटीच हसत होते, हेही लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी

वहिनी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते: मीठ दे, दार लाव, गॅस बंद कर. आज बसला माझ्यासाठी थांबली नाही. आभार मानायला जीभ जड झाली असेल. नातं फार जवळचं असलं की आभार मानणं अवघड जातं.

२० फेब्रुवारी

समितीची बैठक झाली. जसं घडलं तसंच लिहिते.

लांब टेबल. स्वल्पविराम, समितीतले तिघे, वहिनी, आणि सही माझी म्हणून मी. वहिनीने लेख समोर ठेवला, पण त्याआधी नियमाचा कागद काढला. शांतपणे चौथी ओळ वाचून दाखवली. मग विचारलं, "यात 'अन्य मान्य पद्धती' म्हटलंय. कुणाला मान्य?"

स्वल्पविराम माझ्याकडे बघायला लागले. मी पाण्याचा पेला उचलला.

ती म्हणाली, दुसऱ्या गठ्ठ्याचे फोटो मी स्वतः डोळ्यांनी जुळवले आहेत. मण्यांची काच फुटली होती. प्रत्येक फोटो मी सर्वांत जास्त पिवळं दिसेपर्यंत सरकवला. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं, नंतर कळलं. त्यामुळे 'एकाच जागी' म्हणता येत नाही. आत्ता तरी 'जवळ'सुद्धा म्हणता येत नाही, कारण माझ्याकडे अंतराचा आकडा नाही. लेख मी मागे घेते आहे. आणि नियमाची चौथी ओळ पहिल्यासारखी करावी, अशी विनंती आहे.

माझं नाव तिने घेतलं नाही. सहीबद्दल एक शब्द काढला नाही. समितीतल्या एकाने विचारलं, हे तपासणीत का आलं नाही? ती म्हणाली, चूक माझी आहे, तपासणीची नाही. हे ऐकताना मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेव्हा स्वल्पविरामांनी, मी ऐकलेलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं. "मग कराराचं आमच्या हातात काही राहत नाही."

२१ फेब्रुवारी

काल संध्याकाळी घरी आल्यावर आई आणि दादा वहिनीभोवती होते. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. नंतर ती भांडी घासायला आली. मी म्हटलं, राहू दे, मी करते. ती म्हणाली, मला काहीतरी करू दे. मग आम्ही बोललो.

मी विचारलं, तुला आधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, डिसेंबरपासून. मी म्हटलं, मग मला सांगायचं.

"मी कडा कापल्या नव्हत्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, मला तो गबाळेपणा वाटला.

"इतकी वर्षं एका घरात राहिलो. तुझे केस कापते मी. आणि मी गबाळी वाटले?"

ती पुढे बोलत राहिली, आवाज न चढवता. तिला स्वतःला तोंड उघडायचा धीर होत नव्हता. दादाने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. आई नव्या कपाटाच्या गोष्टी करत होती. तिच्या गटाच्या मोठ्या सरांनी लेख वाचून शाबासकी दिली होती. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते, आणि संध्याकाळी तसाच दिवस संपायचा. त्यात माझ्याकडे नियमाचं काम आलं. तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं.

"सोनारानेच कान टोचावे म्हणतात ना. म्हटलं, ही आहे. ही घरचं-दारचं बघणार नाही. ही मला थांबवेल. रोज वाट बघत होते, आज बोलशील, उद्या बोलशील. आणि तू सही ठेवून गेलीस."

मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं मी.

तिने नळ बंद केला. "माझ्यासाठी नाही केलंस. मी गेले तर तुला एकटं वाटेल, म्हणून केलंस. ते मला तोंडाने सांगितलं असतंस ना, मला इतकं बरं वाटलं असतं. सही नको होती मला."

मग मी रडले. ती रडली नाही. तिने राहिलेली भांडी घासली आणि हात पुसून गेली.

२२ फेब्रुवारी

ही वही पहिल्यापासून वाचून काढली. मण्यांबद्दल, कडांबद्दल, गॅलरीत, बसमध्ये, सगळीकडे ती मला सांगत होती. मीच लिहून ठेवलं आहे आणि प्रत्येक वेळी पुढे काहीतरी शहाणपण जोडलं आहे. मला कळायचं ते २९ जानेवारीलाच कळलं होतं. त्यानंतरचं सगळं मोजणं तिला इथे ठेवून घेण्यासाठी होतं. मला ती हवी आहे. घरात माझ्याशी माझ्यासारखं बोलणारं तेवढं एकच माणूस आहे. हे असं सरळ लिहायला इतके दिवस का लागले कुणास ठाऊक.

२३ फेब्रुवारी

चौथी ओळ पहिल्यासारखी केली. ती का बदलली होती हेही स्वल्पविरामांना सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "माणूस आहे म्हटल्यावर, पण तरी," म्हणाले. यापुढे सहीला दुसरं माणूस असेल: तळमजल्यावर लेझरची यंत्रं सांभाळणारे गृहस्थ. मोजमाप माझ्याकडेच राहील. मी म्हटलं, बरोबर आहे.

२६ फेब्रुवारी

कॉलेजला वहिनीचा होकार गेला. दादाने बदलीचा अर्ज दिला. आई माझ्याशी बोलत नाही, मग आठवण झाली की बोलते. घरात खोकी आली आहेत. चालताना अडखळायला होतं, म्हणून मी ती भिंतीशी लावत बसते. संध्याकाळी कुणीतरी पुन्हा मध्ये आणून ठेवतं.

वहिनीने संस्थेकडून यंत्रावर शेवटचे थोडे दिवस मागून घेतले आहेत. सगळे फोटो नव्याने काढणार आहे, मण्यांसकट. लेख आता काय होईल, होईल की नाही, तिलाही ठाऊक नाही. जायच्या आधी आकडा तरी हातात हवा, म्हणाली. हे ती आईला सांगत होती. मी शेजारच्या खुर्चीवर होते.

४ मार्च

सकाळी वहिनी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीच्या दारात आली. हातात मण्यांची नवी काच आणि तिच्या पेशींच्या काचा. म्हणाली, "मोजायला तू हवीस. तुझ्याइतकं नीट कुणी मोजत नाही. सहीचं मी खाली बघेन."

मी हो म्हटलं. दिवसभर शेजारी बसून काम केलं. आधी मणी, मग पेशी, मध्ये पुन्हा मणी. ती काच सरकवायची, मी नोंदवायचे. दुपारी तिने डब्यातलं अर्धं माझ्याकडे सरकवलं. फारसं बोललो नाही, पण चुकीचंही काही बोललो नाही. एकदा ती म्हणाली, इथे थोडं पिवळं आहे बघ, आणि मी म्हटलं, आहे, पण मण्यांनी सरकवल्यावर बघू, आणि आम्ही दोघीही थोडं हसलो.

संध्याकाळी आकडा आला. दोन प्रथिनं एकाच जागी नाहीत. लगतही नाहीत. मध्ये फट आहे, आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत ती तेवढीच आहे. म्हणजे 'जवळ', आकड्यासकट. नियमातली दुसरी ओळ. मी तसं कागदावर लिहून तिला दिलं.

तिने तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. "छान मोजलंस," म्हणाली. मग कागद घेऊन सहीसाठी तळमजल्यावर गेली. माझं पेन माझ्या हातातच होतं.